थरांच्या लाकडाचा चषक : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही साग, शिसव आणि हेदू या तीन लाकडांच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून, त्या ठोकळ्यातून लेथवर (लाकूड फिरवत ठेवून कातण्याच्या यंत्रावर) शोभेचा चषक कसा कातावा याची माहिती थोडक्यात दिली होती. त्यावर अनेक पत्रे आली. काहींनी करून पाहिले आणि फसले, काहींना सुरुवात करण्यापूर्वीच शंका आल्या. निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे. आरंभीच एक खुलासा करतो. अशा थरांच्या लाकडाला लॅमिनेट म्हणतात, पण लॅमिनेट म्हटले की आपल्याकडे सनमायका डोळ्यांसमोर येते. येथे त्या पत्र्याचा काही संबंध नाही. लाकडाचेच अनेक थर एकावर एक चिकटवून तयार केलेला भरीव ठोकळा, एवढाच अर्थ येथे घ्यावा.

प्रश्न : मी सागाच्या आणि शिसवीच्या चौकोनी चकत्या एकीवर एक रचून चिकटवल्या आणि त्यातून चषक कातला. वाटीवर आडवे पट्टे फार सुंदर आले. परंतु देठ बारीक करून पॉलिशपेपर लावत असताना तो कटकन मोडला. चिकटवलेला सांधा शाबूत आहे, लाकूडच मोडले. असे का झाले? (नाशिक)

उत्तर : आपण पत्रासोबत पाठवलेल्या छायाचित्रात उत्तर दिसते आहे. देठाचा मोड स्वच्छ आणि सपाट आहे, त्यात एकही लांब कुसळ निघालेले नाही. देठातील लाकडाचे तंतू आडवे असल्याची ही खूण आहे. फळीच्या चकत्या कापून त्या एकीवर एक रचल्या की प्रत्येक चकतीतील तंतू लेथच्या आसाला काटकोनात पडतात. वाटीचा घेर मोठा असल्यामुळे ती तगून जाते, पण ८-१० मिलिमीटर जाडीच्या देठात आडवे तंतू म्हणजे जेमतेम देठाच्या जाडीएवढ्या लांबीचे आखूड तुकडे असतात आणि त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारे बळ फारच थोडे असते. जळाऊ लाकूड फोडताना कुऱ्हाड तंतूंच्या दिशेने घातली की ओंडका सहज दुभंगतो, आडवी घातली तर कुऱ्हाड अडकते, हे आपण पाहिलेच असेल. आपल्या देठाला पॉलिशपेपरचा बाजूने पडलेला दाब म्हणजे त्याच सोप्या वाटेने घातलेली कुऱ्हाड होती.

चषकाच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे. देठातील तंतू उभेच असले पाहिजेत, म्हणजे लेथच्या आसाला समांतर. त्यासाठी लांब पट्ट्या घ्याव्यात, त्या पुस्तकाच्या पानांसारख्या एकमेकींना लावून चिकटवाव्यात आणि ठोकळ्याचे लांब अंग लेथच्या दोन टोकांमध्ये धरावे. आडवे पट्टे हवेच असतील तर ते वाटीत आणि बैठकीत ठेवावेत, आणि देठ उभ्या तंतूंच्या एकसंध लाकडातून वेगळा कातून खुंटीने वाटीत व बैठकीत बसवावा. तीन भागांचा चषक कमी दर्जाचा असतो असे मानण्याचे काही कारण नाही.

उभ्या पट्ट्या लावताना त्यांची संख्या विषम ठेवावी, ही सूचना मागील अंकात एका ओळीत आली होती. तिचे कारण द्यायला हवे होते. पट्ट्यांची संख्या सम असेल तर मधला सांधा नेमका आसावर येतो, म्हणजे बारीक देठाच्या मधोमध डिंकाची रेघ जाते. त्याहून वाईट म्हणजे टेलस्टॉकचे (लेथच्या दुसऱ्या टोकाच्या आधाराचे) टोकदार सेंटर त्याच सांध्यात पाचरीसारखे घुसते आणि ठोकळा कातण्याआधीच उकलू लागतो. विषम संख्येत मधली पट्टी आसावर येते. ती १६ मिलिमीटर जाड असेल आणि देठ १० मिलिमीटरचा असेल, तर संपूर्ण देठ एकाच लाकडाचा होतो आणि त्यात एकही सांधा उरत नाही. मधल्या पट्टीसाठी म्हणूनच सरळ तंतूंचे, गाठ नसलेले लाकूड निवडावे. रंगासाठी शोभिवंत पण वाकड्या तंतूंचे तुकडे बाहेरच्या थरांत लावावेत.

प्रश्न : गेल्या श्रावणात मी एक चषक केला आणि नागपूरच्या भावाला राखीपौर्णिमेची भेट म्हणून दिला. मे महिन्यात त्याचा फोन आला की काठाजवळ एक बारीक तडा गेला आहे आणि पट्ट्यांच्या सांध्यांवर बोट फिरवले तर कंगोरा लागतो. माझ्या हातून डिंक कमी लागला असेल का? (रत्नागिरी)

उत्तर : ताई, दोष डिंकाचा नसून पाण्याचा आहे. लाकूड वाळले तरी हवेतील ओलाव्याशी त्याची देवघेव आयुष्यभर चालूच राहते. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असेल तर लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या १७-१८ टक्के पाणी मुरलेले राहते, आणि आर्द्रता ३० टक्क्यांवर आली की हेच प्रमाण ६ टक्क्यांपर्यंत उतरते. कोकणातील श्रावण आणि विदर्भातील मे ही या मोजपट्टीची जवळजवळ दोन टोके आहेत.

आता हे आकसणे सर्व बाजूंनी सारखे नसते, आणि गोम तेथेच आहे. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वर्षवलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आकसतो, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के, आणि लांबीत मात्र नगण्य. हे आकसणे लाकडातील ओलावा ३० टक्क्यांखाली आल्यावर सुरू होते. म्हणजे ओलावा एका टक्क्याने घटला की पहिल्या दिशेने साधारण ०.१९ टक्के आणि दुसऱ्या दिशेने ०.०८ टक्के घट धरता येते. आपल्या चषकाचा काठ ७५ मिलिमीटरचा आहे असे समजू. ओलावा १६ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आला तर एका बाजूने तो जवळजवळ दीड मिलिमीटर लहान होईल आणि दुसऱ्या बाजूने सहा-सात दशांश मिलिमीटर. निव्वळ सागाचा चषक अशा वेळी किंचित लंबगोल होऊन सुटतो, त्याला तडा जात नाही. परंतु शेजारच्या दोन पट्ट्यांतील वर्षवलये वेगवेगळ्या दिशांना असतील, तर एक पट्टी जास्त आकसू पाहते आणि दुसरी तिला धरून ठेवते. डिंक पक्का असेल तर सांधा सुटत नाही, मग पातळ काठाजवळचे लाकूडच फाटते. आपला तडा सांध्यावर नसून पट्टीच्या अंगात आहे, असे आपण लिहिलेच आहे. म्हणजे डिंकाने आपले काम चोख केले.

बोटाला लागणारा कंगोरा हीच कहाणी सांगतो. दोन पट्ट्या कमीजास्त आकसल्या, की सांध्यापाशी एक खाली बसते आणि दुसरी वर राहते. त्याखेरीज फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या डिंकात पाणी असते आणि सांध्यालगतचे लाकूड ते शोषून फुगते. फुगलेले असतानाच कातून गुळगुळीत केले, तर नंतर वाळताना सांध्याची रेघ आत बसते. डिंक हाताला वाळलेला वाटला तरी ठोकळा निदान आठवडाभर तसाच ठेवावा.

यापुढे तीन गोष्टी कराव्यात. सर्व पट्ट्या एकाच खोलीत, हवा खेळेल अशा रीतीने, महिना-दीड महिना एकत्र ठेवाव्यात. ओलावा मोजण्याचे यंत्र नसेल तर स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर दर आठवड्याला प्रत्येक पट्टीचे वजन लिहून ठेवावे आणि वजन बदलणे थांबल्यावरच चिकटवायला घ्यावे. पट्ट्यांची टोके पाहून वर्षवलयांची दिशा सर्वांत सारखी लावावी, म्हणजे ठोकळा आकसला तरी सगळा मिळून आकसेल. आणि कोकणात असाल तर चिकटवण्याचे काम श्रावणात न करता फाल्गुन-चैत्रात करावे. भावाकडील चषकाचा तडा आता सायनोअॅक्रिलेटच्या (फेव्हिक्विकसारख्या) पातळ डिंकाने भरता येईल, पण तो उन्हाळ्यातच भरू नये. पावसाळ्यात तडा आपोआप मिटत आला की मग भरावा. उन्हाळ्यात रुंद तड्यात घट्ट झालेला डिंक पावसाळ्यात लाकूड फुगताच पाचरीचे काम करतो.

प्रश्न : येथे मला मेपल, चेरी आणि अक्रोडाचे लाकूड सहज मिळते. डिसेंबरात केलेला चषक जुलैत भारतात आईकडे न्यायचा आहे. टिकेल का? (टोरंटो)

उत्तर : आपली अडचण रत्नागिरीच्या ताईंच्या उलट आहे. हिवाळ्यात घर तापवले जाते, त्यामुळे घरातील हवा फार कोरडी असते, म्हणजे आपले लाकूड आकसलेल्या अवस्थेत आहे आणि येथे आल्यावर ते फुगेल. फुगण्याने सहसा तडा जात नाही, पण सांध्यांवर कंगोरे येतात आणि देठ खुंटीने बसवला असेल तर खुंटी तिच्या छिद्राला फोडू शकते. एकसंध कातलेला चषक न्यावा, त्याला आतून-बाहेरून सारखेच पॉलिश करावे आणि बैठकीचा तळही कोरा ठेवू नये. पॉलिशने ओलावा थांबत नाही, त्याची ये-जा सावकाश होते, आणि सावकाश होणारा बदल लाकूड सोसते.

प्रश्न : आमच्या कारखान्यात सागाच्या फर्निचरचे भरपूर तुकडे उरतात. पण सागाला फेव्हिकॉल नीट धरत नाही, असा माझा अनुभव आहे. एपॉक्सी वापरावे का? (ठाणे)

उत्तर : सागात नैसर्गिक तेल असते. रंधा मारल्यावर फळी पडून राहिली की ते पृष्ठभागावर येते आणि डिंक लाकडाला न लागता तेलाला लागतो. रंधा मारल्यावर त्याच दिवशी, शक्य तर तासाभरात चिकटवावे. त्याआधी स्वच्छ फडक्यावर अॅसिटोन घेऊन दोन्ही पृष्ठभाग पुसावेत. फडके पिवळसर-तपकिरी होते ते तेलच होय. फडके जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत पुसावे. एवढे केले तर चांगला पांढरा डिंक पुरतो. एपॉक्सी फार तेलकट लाकडांसाठी राखून ठेवावे.

डिंकापेक्षा पृष्ठभागाचा सपाटपणा महत्त्वाचा. दोन पट्ट्या कोरड्याच एकमेकींवर ठेवून उजेडाकडे धराव्यात. मधून उजेडाची फट दिसली तर पुन्हा रंधा मारावा. शिकंज्याने आवळून फट मिटवता येते खरी, पण त्या पट्ट्या आयुष्यभर एकमेकींपासून सुटायला धडपडत राहतात. शिकंजा आवळल्यावर सांध्यावर डिंकाचे बारीक मणी एका ओळीत बाहेर यावेत. काहीच आले नाही तर डिंक कमी आहे, ओघळ आले तर जास्त. शिकंजा एक-दोन तासांनी काढता येतो, पण वर सांगितल्याप्रमाणे आठवडाभराच्या आत ठोकळा लेथवर चढवू नये.

प्रश्न : मी शाळेत गणित शिकवतो. तुमच्या चषकाच्या छायाचित्रात वाटीवर पिवळे वर्तुळ दिसते आणि बैठकीवर कमानी दिसतात. सरळ पट्ट्यांतून वर्तुळे आणि कमानी कशा येतात? त्या आधी मोजून ठरवता येतात का? (कोल्हापूर)

उत्तर : गुरुजी, हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण या कलेतील खरी गोडी येथेच आहे. तिरंगी बर्फीच्या चौकोनी वडीतून चमच्याने वाटोळी फोड काढली, की थरांच्या सरळ रेघा वळलेल्या दिसतात. लेथवर तेच घडते. प्रत्येक सांधा हे एक सपाट प्रतल आहे, आणि कातून आपण ज्या आकाराला पोहोचतो तो आसाभोवती फिरलेला पृष्ठभाग आहे. प्रतलाने गोल कापला की वर्तुळ मिळते. आसाला समांतर प्रतलाने शंकू कापला की अपास्त मिळतो, म्हणून पसरट बैठकीवर कमानी दिसतात. दंडगोल तिरका कापला की लंबवर्तुळ मिळते. शंकुच्छेदांचे सगळे प्रकरण एका चषकावर उमटवता येते.

आता मोजमाप. समजा, मधली सागाची पट्टी १६ मिलिमीटरची आहे. तिच्या दोन्ही बाजूंना हेदूच्या ३-३ मिलिमीटरच्या पातळ पट्ट्या, मग शिसवीच्या १४-१४, आणि सर्वांत बाहेर पुन्हा हेदूच्या १२-१२. एकूण ७४ मिलिमीटर झाले. बाहेरचा सांधा आसापासून ८ + ३ + १४ म्हणजे २५ मिलिमीटरवर येतो. वाटी ३५ मिलिमीटर त्रिज्येच्या गोलासारखी कातली, तर पायथागोरसाच्या नियमाने वर्तुळाची त्रिज्या म्हणजे ३५ चा वर्ग वजा २५ चा वर्ग यांचे वर्गमूळ, सुमारे २४.५ मिलिमीटर. शिसवीच्या काळपट अंगावर ४९ मिलिमीटर व्यासाचा हेदूचा पिवळा चांद उगवतो, आणि बरोबर समोरच्या बाजूला दुसरा. वाटीची जाडी ३ मिलिमीटर ठेवली तर आतील त्रिज्या ३२ होते आणि आतून तोच चांद ४० मिलिमीटरचा दिसतो. वाटी फुगीर न ठेवता घंटेसारखी उघडी कातली, तर चांद काठापाशी उघडा राहून नालासारखा दिसेल. वाटीची त्रिज्या कोठेही २५ च्या वर गेली नाही, तर चांद उगवणारच नाही. वहीत उभा छेद काढून त्यावर ८, ११ आणि २५ मिलिमीटरवर आसाला समांतर रेघा माराव्यात. वाटीची बाह्यरेखा या रेघांना जेथे छेदते, तेथे त्या थराची कडा सुरू होते. आपल्या विद्यार्थ्यांकडून हे करून घेतल्यास एका तासिकेचा उत्तम धडा होईल.

मात्र सममिती हवी असेल तर केंद्रबिंदू नेमका हवा. ठोकळ्याचे कर्ण काढून केंद्र शोधण्याची नेहमीची रीत येथे चालत नाही, कारण बाहेरच्या पट्ट्यांच्या जाडीत फरक असतो. केंद्र मधल्या पट्टीच्या मध्यावर धरावे. एक मिलिमीटरची चूक झाली तर आपल्या मापांत एका बाजूचा चांद साधारण ५१ मिलिमीटरचा होतो आणि दुसऱ्या बाजूचा ४७ चा. प्रत्येक बाजू वेगवेगळी पाहिली तर हा फरक लक्षात येत नाही, पण वरून पाहिल्यावर दोन चांदांची उंची जुळत नाही हे लगेच दिसते.

तिरक्या कापाची एक जुनी युक्तीही आहे. चौकोनी ठोकळ्याला ४५ अंशांत करवतीचा काप घ्यायचा, पण शेवटचे दोन-तीन मिलिमीटर न कापता सोडायचे, म्हणजे दोन भाग जागचे हलत नाहीत. करवतीच्या कापाएवढ्याच जाडीची वेगळ्या रंगाची पट्टी त्यात चिकटवायची, डिंक पूर्ण वाळू द्यायचा, मग ठोकळा फिरवून पुढच्या बाजूवर त्याच ठिकाणी तसाच काप घ्यायचा. चारही बाजूंवर हे केले आणि ठोकळा गोल कातला, की चार लंबवर्तुळे एकमेकांत गुंफलेली दिसतात. इंग्लंड-अमेरिकेतील कातकाम करणारे तिला केल्टिक गाठ म्हणतात. पट्टी कापापेक्षा पातळ असेल तर सांधा पोकळ राहतो आणि जाड असेल तर ठोकळा वाकतो, म्हणून आधी टाकाऊ लाकडावर काप घेऊन व्हर्निअरने त्याची रुंदी मोजावी. ही गाठ देठाच्या बारीक भागात कधीही ठेवू नये. तिरक्या सांध्यात तंतू तुटलेले असतात. देठाच्या मध्यावर २०-२५ मिलिमीटरचा फुगवटा ठेवून गाठ त्यात बसवावी.

प्रश्न : माझा देठ नेहमी थरथरतो आणि त्यावर वळ्या उमटतात. वाटी आधी कातावी की देठ? (सांगली)

उत्तर : वाटी आधी, आणि तीही आतून. ठोकळा गोल करून त्याच्या बैठकीकडील टोकाला ५० मिलिमीटरच्या चकमध्ये (लाकूड पकडणाऱ्या जबड्यांमध्ये) बसेल अशी गुडदी, म्हणजे आखूड गोल खुंट, काढावी. चकचे जबडे आतल्या बाजूला आवळणारेच वापरावेत. बाहेर पसरून धरणाऱ्या पद्धतीने थरांचा सांधा उकलण्याची भीती असते. मग वाटीच्या मध्यावर हळू वेगाने, मिनिटाला ४००-५०० फेऱ्यांवर, २५ मिलिमीटरचे छिद्र घ्यावे, ते इच्छित खोलीपेक्षा पाच मिलिमीटर कमी. त्यानंतर गोल पटाशीने मध्याकडून काठाकडे कोरत यावे. फळीतून वाटगे कोरताना आपण काठाकडून मध्याकडे जातो, येथे उलट, कारण तंतू आसाला समांतर आहेत आणि मध्याकडून बाहेर येताना प्रत्येक तंतूला खालचा तंतू आधार देतो.

काठ आतून आणि बाहेरून एका दमात पुरा करावा, पॉलिशपेपरसकट. एकदा काठ पातळ झाला की तासाभरात त्याचा आकार किंचित बदलतो आणि मग पटाशी पुन्हा लावली की ती अडकते. काठ पुरा झाला की वाटीत मऊ लाकडाचा गोळा फडक्यात गुंडाळून बसवावा आणि त्याला टेलस्टॉकचा हलका आधार द्यावा. आधार म्हणजे टेकू. फार दाबले तर देठ धनुष्यासारखा वाकतो, आणि आपल्या वळ्यांचे एक कारण हेच असावे. देठ वाटीकडून बैठकीकडे एकेक इंच पूर्ण करत जावा आणि पूर्ण झालेल्या भागाकडे पुन्हा पटाशी नेऊ नये. पुढचा इंच कातताना चककडील जाड लाकूड त्याला धरून ठेवते, मागे वळलात की ते बळ उरत नाही. धारदार पटाशीखाली लांब, कुरळ्या ढलप्या निघतात आणि आवाज सळसळता असतो. भुसा उडू लागला आणि आवाज किरकिरा झाला की धार लावायची वेळ झाली.

प्रश्न : मी पन्नाशीची गृहिणी आहे. मुलाचा लेथ घरी पडून आहे. एकटीने शिकावे का? कोणती काळजी घ्यावी? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : जरूर शिकावे. पदर, ओढणी, मंगळसूत्र, बांगड्या, मोकळे केस आणि हातमोजे, यांतले काहीही फिरत्या लाकडाजवळ नको. चेहरा पूर्ण झाकणारी पारदर्शक ढाल नुसत्या चष्म्यापेक्षा बरी. थरांच्या लाकडात एक जादा धोका असतो. एखादा सांधा कच्चा असेल तर पट्टी सुटून उडते, आणि ती लाकूड ज्या वर्तुळात फिरते त्याच्या रेषेत उडते. म्हणून लेथ सुरू करताना त्या रेषेतून बाजूला उभे राहावे, आरंभी ५००-६०० फेऱ्यांवरच फिरवावे आणि ठोकळा गोल झाल्यावर १५००-२००० पर्यंत वेग वाढवावा. एकसारख्या आवाजात मध्येच ठक-ठक ऐकू आली तर हात मागे घेऊन यंत्र बंद करावे आणि सांधे पाहावेत. पॉलिशपेपर लावण्यापूर्वी पटाशी टेकवायचा आडवा टेकू काढून ठेवावा. शिसव आणि साग यांच्या बारीक धुळीने काहींना खाज आणि दम्यासारखा त्रास होतो, तेव्हा मुखपट्टी हवीच. पहिले चार-सहा तुकडे मात्र चिकटवलेल्या लाकडाचे घेऊ नका. आंब्याच्या किंवा शिवणीच्या एकसंध लाकडावर लाटणे, भोवरा असे काही कातून हात बसू द्यावा. शक्य असल्यास पहिल्या दिवशी मुलाला शेजारी उभे करावे.

प्रश्न : शिसवीची काळी धूळ हेदूच्या पिवळ्या लाकडात बसते आणि सगळे मळकट दिसते. तसेच या चषकातून पाणी किंवा सरबत पिता येईल का? बिबळ्याच्या लाकडाचा पेला आमच्या आजोबांकडे होता. (गोंदिया)

उत्तर : धूळ बसते ती पॉलिशपेपरने. कातकामाचा शेवटचा हात धारदार पटाशीने इतका सफाईचा द्यावा की पॉलिशपेपर १२० ऐवजी २४० नंबरच्या बारीक कागदापासून सुरू करता येईल. त्याआधी चपडा लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून एक हात मारावा, म्हणजे हेदूची छिद्रे बंद होतात आणि काळी धूळ वरच राहते. प्रत्येक पेपरनंतर धूळ फुंकर मारून न काढता ब्रशने काढावी. पडौकासारखे लाल लाकूड वापरले असेल तर स्पिरिटने त्याचा रंग सुटून शेजारच्या फिक्या पट्टीत उतरतो. तेथे लाखेचा पहिला हात ब्रशने न देता फवारून द्यावा.

पिण्यासाठी हा चषक वापरू नये. बिबळ्याचा पेला एकसंध लाकडाचा असतो, त्यात सांधा नसतो. बिबळ्याचा अर्क पाण्यात उतरून पाणी पिवळसर होते आणि उजेडात त्यावर निळसर झाक दिसते, हे आपण लहानपणी पाहिले असेल. थरांच्या चषकात पाणी ओतले की प्रत्येक लाकूड आपापल्या मापाने फुगते आणि वर सांगितलेले सगळे दोष महिन्याभरात नव्हे, एका रात्रीत दिसतात. शिवाय स्पिरिटची लाख सरबताला टिकत नाही. कोरडी फुले ठेवावीत, अक्षता ठेवाव्यात, किंवा नुसता मांडून ठेवावा.

प्रश्न : ही कला मुळात परदेशी आहे ना? आपल्याकडे असे काही होते का? (पणजी)

उत्तर : देठाचा शोभेचा चषक लेथवर कातण्याची हौस युरोपातील राजदरबारांत फोफावली. सोळाव्या-सतराव्या शतकांत जर्मनीतील सॅक्सनीच्या दरबारात हस्तिदंताचे अतिशय नाजूक चषक कातले जात. त्यांतले अनेक आजही ड्रेस्डेनच्या ग्रीन व्हॉल्ट संग्रहालयात आहेत. रशियाचा पीटर द ग्रेट स्वतः लेथवर काम करीत असे. पण ते मुख्यतः हस्तिदंताचे काम होते, चिकटवलेल्या थरांचे नव्हे. हौशी माणसाला घरच्या घरी पट्ट्या जोडून ठोकळा करणे सोपे झाले ते विसाव्या शतकात कृत्रिम डिंक दुकानात मिळू लागल्यावर. आपल्याकडे फेव्हिकॉल १९५९ साली आले. त्यापूर्वी सुतार सरस उकळून वापरत आणि सरस ओलाव्याला टिकत नसे.

कातकाम मात्र आपलेच आहे. कातारी हा शब्दच त्या कारागिराचा आहे, आणि एखादी मूर्ती रेखीव असली की आपण तिला कातीव म्हणतो. सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी फळे आणि खेळणी आपल्यापासून दूर नाहीत, तेथे जाऊन जरूर पाहावीत. कर्नाटकातील चन्नपट्टणात काळ्या कुड्याच्या पांढऱ्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी लेथ फिरत असतानाच दाबतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडाला लागते आणि मग केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. मी हीच रीत थरांच्या चषकाच्या बैठकीवर बिनरंगी लाखेने करून पाहिली. लाख वितळेल इतकी उष्णता थोडा वेळच राहू द्यावी लागते, कारण पांढरा डिंक उष्णतेने मऊ होतो. परंतु केवड्याच्या वाळलेल्या पानाने घासल्यावर शिसवीला जो खोल तुळतुळीतपणा आला, तो मला बाटलीतल्या पॉलिशने कधी मिळाला नव्हता.

प्रश्न : चषक लेथवरून कापून काढल्यावर बैठकीखाली एक टेंगूळ उरते आणि चषक डुगडुगतो. तो हाताने घासून सपाट करावा का? (जळगाव)

उत्तर : सपाट करू नये, किंचित खोलगट करावा. सपाट तळ पहिल्या ऋतुबदलातच फुगीर होतो आणि चषक पुन्हा डुलू लागतो. कापून काढण्यापूर्वीच पार्टिंग टूल (कातलेला भाग कापून वेगळा करायचे अरुंद हत्यार) थोडे तिरके धरून तळ मध्याकडे एक मिलिमीटर आत घ्यावा, शेवटचा पाच-सहा मिलिमीटरचा खुंट लेथ बंद करून बारीक करवतीने कापावा, आणि उरलेले टेंगूळ अरुंद पटाशीने हलकेच छाटून टाकावे. मग तळावर गुण्याची पट्टी आडवी टेकवून खिडकीकडे धरावी. कडा पट्टीला दोन्ही बाजूंनी टेकलेल्या असाव्यात आणि मध्ये उजेडाची बारीक रेघ दिसावी.